गोपीचंदनं पाय ओढला नाही

करडी गावात कुणाचं मनगट मुरगळलं, कुणाचा खांदा उतरला की लोक गोपीचंदकडं धावत. एक झटका, की हाड जागेवर. पण त्या सकाळी कोंबड्यांना दाणे टाकताना त्याचीच बायको, सत्तरीची शकुनबाई, सांडलेल्या पाण्यावरून घसरून कुशीवर आदळली, तेव्हा मात्र त्याचे हात पुढं होईनात.

"अवो, साऱ्या गावाचे हातपाय बसवता, माहाच काहून नाही? ओढा न एकडाव!" शकुनबाई कण्हत म्हणाली.

गोपीचंद पायाकडं बघत राहिला. उजवा पाय डाव्यापेक्षा दोन बोटं आखूड दिसत होता, पंजा बाहेरच्या अंगाला लवंडला होता. टाच जमिनीवरून उचलेना, आणि कळ जांघेत.

"हे उतरलं नाही, मोडलं हाये," तो म्हणाला. "मी हात लावत नाही."

दोन्ही पायांमध्ये उशी ठेवून त्यानं ते जुन्या लुगड्यानं अलगद बांधले. सून रितानं फोन करून अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली.

भंडाऱ्याला डॉक्टर शुभांगीनं एक्स-रे उजेडावर धरला. "आजोबा, हा मांडीच्या हाडाचा गोळा. तो खुब्याच्या वाटीत फिरतो. गोळ्याखालची ही बारीक मान मोडली आहे."

"एवढ्याशा पडण्यानं?"

"वय झालं की हाडं आतून पोकळ होतात, बायकांची जास्तच. वरून धड दिसणारं लाकूड आतून घुणलेलं असतं, तसं." मग तिनं धास्तावून विचारलं, "कुणी पाय ओढला तर नाही ना?"

"नाही जी. मी ओढूच देल्लो नाही."

"फार बरं केलंत. गोळ्याला रक्त नेणाऱ्या शिरांना आणखी इजा झाली असती."

गोपीचंदला उगाच खोकला आला. चाळीस वर्षं हाडं बसवून एवढी शाबासकी मिळाली नव्हती. ती आज काहीच न केल्याबद्दल मिळाली.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करून गोळा बदलला. त्याच्या दुसऱ्या सकाळी शकुनबाई वॉकर धरून उभी राहिली. रंग उतरला होता, पण तोंड सुरू.

"माहा गोळा नवा हाये, तुमचे गुडघे तं जुनेच! चाला, पाहू कोन पयले दरवाजा गाठते."

गोपीचंद मुद्दाम रेंगाळला. दारात पोचल्याबरोबर तिनं नर्सला हाक मारली, "पाह्य वो बाई, हारले हे!"