जोतीरामच्या पगारवाढीचं पत्र

कुंडलचा जोतीराम सांगलीत हळदीच्या कारखान्यात, हळकुंडं घासून चकचकीत करणाऱ्या पॉलिशच्या ड्रमवर कामाला होता. चौऱ्याहत्तर साली महागाई गळ्याशी आली, तेव्हा नऊ ड्रमवरच्या नऊ जणांनी मिळून पगारवाढीचा अर्ज दिला. आठवड्यातच हरिबा आणि अर्जुना या दोघांना घरी बसवलं. संपाची भाषा त्या दोघांनीच काढली होती. ती मॅनेजरच्या कानावर कुणी घातली, यावरून उरलेल्या सात जणांत कुजबूज चालली होती. जो तो दुसऱ्याकडं संशयानं बघत होता.

गुरुवारी शिपाई ड्रमपाशी आला. "जोतीराम, हापिसात बोलावलंय."

 हात न पुसताच जोतीराम गेला. मॅनेजर नानासोंनी वहीत त्याची सही घेतली, लखोटा पुढं सरकवला आणि ते आवाज खाली आणून म्हणाले, "घरी जाऊन वाच. कुणाजवळ बोलू नकोस."

घरापर्यंत धीर कुठला? गोदामात पोत्यांच्या थप्पीमागं जाऊन त्यानं लखोटा फोडला. 'ड्रमवर एकट्याने काम करीत असल्याने आपणांस एक तारखेपासून दरमहा वीस रुपये पगारवाढ मंजूर करण्यात आली आहे.'

त्यानं पुन्हा वाचलं. नोकरी गेली नव्हती! त्याचा जीव भांड्यात पडला, पण घटकाभरच. नानासोंचे शब्द आठवले, तसा त्यानं कागद घाईनं खिशात कोंबला. वाढ एकट्यालाच, तीही गुपचूप. चुगली कुणी केली म्हणून आता कोण विचारील? उत्तर त्याच्या खिशातच होतं.

संध्याकाळी बायको, हरणाबाई, कागद बघून म्हणाली, "चुलीत घाला त्यो."

"आन् पगाराच्या दिवशी? रक्कम समद्यांम्होरं वाचत्यात की."

तिनं कागदाची घडी घालून परत दिली. मग म्हणाली, "मग तुमीच आदी सांगा."

सकाळी गेटवर सगळे जमले होते. जोतीरामनं कागद नुसताच पुढं धरला. शेजारच्या ड्रमवरच्या लालासाहेबानं तो वाचला आणि जोतीरामची गचांडी धरली. "ह्योच त्यो! दोघांच्या पोटावर पाय दिलास रं!"

"आईची आण, मी न्हाई बोललो कुणाला," जोतीराम कसाबसा म्हणाला. "बोललो असतो तर कागद दावला असता व्हय?"

वयानं थोरल्या केरबानं लालासाहेबाचा हात सोडवला. कागद मागून घेतला, सावकाश वाचला. "गड्यांनो, ही आपल्यात फूट पाडायची चाल हाय. काय लिवलंय बघा. एकट्यानं काम करतोय म्हणून वाढ. आरं, मग आपुन काय जोडीनं ड्रम फिरवतोय? सायबानं सहीनिशी कबूल केलंय. चला हापिसात."

सातही जण गेले. कागद जोतीरामच्याच हातात दिला होता. नानासो त्याच्याकडं असे बघत होते, की त्याला पाय मागं घ्यावासा वाटत होता. पण मागं केरबा उभा होता. "सायेब," जोतीराम म्हणाला, आणि त्यानं कागद टेबलावर ठेवला. बाकीचं केरबा बोलला.

महिनाभर घासाघीस चालली. तो सारा महिना जोतीराम शिपाई दिसला की दचकायचा. अखेर उरलेल्या सहाही जणांना तसलीच पत्रं मिळाली. हरिबालाही परत घेतलं. अर्जुनाला मात्र घेतलं नाही. तो बाजारात हमाली करू लागला. चुगली जोतीरामनंच केली, हे त्याच्या मनातून कधी गेलं नाही. वाटेत दिसला की जोतीराम थांबायचा, आणि अर्जुना तोंड फिरवून पुढं जायचा.