मागून घेतलेलं मरण

चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या त्या बाईला सगळे चष्मेवालीच म्हणायचे. तिला स्वतःला मात्र पन्नाशी उलटली तरी चष्मा लागला नव्हता. "आमच्या धंद्यावर हिचाच विश्वास नाही," असं मालक गिऱ्हाइकांना सांगायचे आणि तीही हसायची. रविवारी चर्चमध्ये ती सगळ्यांच्या आधी हजर असायची. पण महिन्याच्या पहिल्या रविवारी येशूच्या आठवणीत वाटल्या जाणाऱ्या प्रभुभोजनाचं ताट समोर आलं, की भाकरीचा तुकडा न उचलताच ती ते शेजारणीकडे सरकवायची. चार वर्षं हे असंच चाललं होतं.

त्याआधी दोन वर्षं तिची आई अंथरुणाला खिळून होती. अर्धांगवायूच्या झटक्यात वाचा गेली, उजवी बाजू गेली. कान तेवढे शाबूत राहिले. सकाळी आईचं सगळं उरकून चष्मेवाली दुकान गाठायची, दुपारी धावत येऊन तिची कूस बदलायची, पुन्हा धावायची. धाकटा भाऊ परगावी. तो वर्षातून दोनदा यायचा, आईचा हात धरून बसायचा आणि डोळे पुसत परत जायचा.

एका दुपारी तिसऱ्यांदा चादर बदलायची वेळ आली. कंबर धरली होती, दुकानातून दोन फोन येऊन गेले होते. आईला वळवता वळवता तिच्या तोंडून निघून गेलं, "देवा, ने रे हिला आता. मला नाही होत."

मग तिनं पाहिलं, तर आईचे डोळे टक्क उघडे होते. तिच्याकडेच बघत होते.

त्या संध्याकाळपासून आईनं ओठ मिटून घेतले. चमचा जवळ नेला की ती मान फिरवायची. "आई, चुकले गं मी. एक घोट घे, माझ्यासाठी घे," म्हणून लेकीनं किती विनवलं! डॉक्टर म्हणाले, गिळण्याची शक्ती गेलीये, या आजारात होतं असं. सलाईनवर अकरा दिवस काढून आई गेली. दफनानंतर भाऊ गळ्यात पडून रडला. "ताई, तू होतीस म्हणून आईचं एवढं झालं." तिला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

वर्षभरानं तिनं चर्चच्या पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. ते मायेनं म्हणाले, "बाई, तुम्ही क्षमा मागितलीत, देवानं ती केली. आता घ्यायचं काम तुमचं."

"साहेब, मी मरण मागितलं, तेही त्यानं लगेच दिलं. त्याच्या हातून आणखी काही घ्यायची मला भीती वाटते."

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, तिनं आमेन म्हटलं, आणि मनातला दगड जागचा हलला नाही.

यंदा भाऊ आला तेव्हा चहाचे कप विसळता विसळता तिनं पाठमोरीच राहून त्यालाही सांगून टाकलं.

"मीपण तेच मागायचो," तो म्हणाला. "तुझा फोन वाजला की वाटायचं, आई सुटली असेल. तू 'आज बरी आहे' म्हणालीस की माझं मन खट्टू व्हायचं."

तिनं नळ बंद केला. "आणि तरी तू प्रभुभोजन घेतोस?"

"घेतो."

"कसा रे?"

"हात पुढे करतो. दुसरं काय करणार?"

रविवारी तो तिच्या शेजारी बसला. ताट आलं. तिनं तुकडा उचलला, खाल्ला आणि डोळे मिटून वाट पाहिली. काही झालं नाही. मिटल्या डोळ्यांपुढे आईचे उघडे डोळे तेवढे आले.

बसथांब्यावर भावानं विचारलं, "काही वाटलं?"

"नाही."

"मलाही पहिल्यांदा नव्हतं वाटलं."

"मग कधी वाटलं?"

"अजून नाही, ताई."

पुढच्या महिन्यात तिनं पुन्हा घेतला. त्याच्या पुढच्या महिन्यात मात्र हात मांडीवरून उठलाच नाही. घरी येऊन तिनं भावाला फोन लावला.

"या खेपेला नाही जमलं रे."

"बरं," तो म्हणाला. "मी घेतला."

पुढे काय बोलावं ते दोघांनाही कळेना, आणि फोनही कुणी ठेवेना.