बोकडाच्या आडून

"सांग रे बोकड्या, लालसूले सांग. उद्या मी मत टाकाले जाईन मून!"

सुकरीबाई आंगन सारवत बोलली. मी, लालसू, कुडाबाहेर उभा होतो. मधात खुंट्याले तिचा फाटक्या कानाचा बोकड. दोघंबी त्याच्याकडंच पाहून बोलत होतो.

समोरासमोर बोलाची सोय नव्हती. तिची पोरगी ठेकेदाराच्या ट्रकवाल्यासंग गेली, सा महिन्यानं परत आली अन् सुकरीबाईनं तिले घरात घेतलं. पोरगी पुढं तापानं मेली, पन गावानं सुकरीबाईले वाळीत टाकलं ते टाकलंच. तीन वर्सं झाले. जो तिच्यासंग बोलन, तिचं नाव घेईन, त्यानं गावाले एक बोकड द्याचा, असं डोमा पाटलानं ठरवलं. पाटील माया सख्खा काका.

बोकडासंग बोलाले मनाई नव्हती.

"बोकड्या," मी म्हनलो, "बाईले सांग, मागच्या टायमाले आमचा मानूस नऊ हजारानं पडला. एका मतानं काय होते? तीन कोस उन्हात जाचं, तीन कोस याचं. त्यापक्षा मोहाखालचा पाला झाडून ठेव म्हना, फुलं पडाले आली."

"मंग त्याले इचार, तो काऊन जाते?"

"मी एजंट हावो. मले जेवन भेटते."

ती हासली. मंग हात थांबला तिचा.

"बोकड्या, कोनीबी येवो निवडून, मले का करायचं? पन तिथं साहेब यादी पाहून मोठ्यानं नाव घेते. तीन वर्सं झाले, मायं नाव माया कानानं आयकलं नाई."

बोकड पाला खात राह्यला.

दुसऱ्या दिवशी शाळेत मत होतं. बाहेर पळस निस्ता लाल. माया बाजूले दुसऱ्या पार्टीचा एजंट मून काका. दुपारी सुकरीबाई आली, गुडघ्यावरी धूळ.

"सुकरी बुधू!" साहेब ओरडला.

तिनं डोये मिटले.

साहेबानं यादीवर बोट ठेवलं. "इथं वय बत्तीस आहे. ही बाई तर साठीची दिसते. एजंट, ही सुकरीच ना?"

काका खिडकीतून पळस पाहत होता. "मले नाई माहीत."

"कोणी ओळखत नसेल तर मत नाही." साहेबानं मायाकडं पाह्यलं.

माया घरी बोकड तं सोडा, कोंबडी नव्हती. काका आता पळस सोडून मायाकडं पाहून राह्यला होता.

"हे सुकरीबाई हाये, साहेब. बुधूची बायको. आमच्या गावची."

बोटाले शाई लागली. ती तसंच बोट वर धरून रस्त्यानं गेली.

सांजच्याले काका दारात. "परवा बोकड पाहिजे."

"कुठून आनू?"

"तोंड उघडाच्या आंधी इचार कराचा होता."

सकाळी उठलो तं दारात बोकड बांधून. कान फाटका.

कापला. सारं गाव जेवलं. काकानं दोनदा रस्सा मांगला. कोनाचा बोकड, हे साऱ्याइले ठाऊक होतं. पन सांगाचं तं तिचं नाव घ्या लागते. कोनी घेतलं नाई, चाटूनपुसून खाल्लं.

निकाल लागला. आमचा मानूस अकरा हजारानं पडला. हे सांगाले मी तिच्या कुडापाशी गेलो. खुंटा मोकया होता. आता कोनाकडं पाहून बोलू?

"सुकरीबाई," मी म्हनलो, "पडला आमचा मानूस."

ती सारवता सारवता थांबली.

"पडू दे. अजून एकडाव म्हन."

"पडला मून?"

"नाई. नाव."

पलीकडच्या आंगनात काका खाकरला. मी पयल्यापक्षा मोठ्यानं म्हनलो.