ट्रंकेतली कौदी

व्यासराज पडला तो सकाळी साडेसहाला, न्हाणीघरात. टी. नरसीपूरच्या घरी तो एकटाच राहायचा. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती आणि मुलगी वर्षिणी बेंगळुरूला नोकरीला होती. त्याची हाक ऐकून शेजारचे लोक मागच्या भिंतीवरून उड्या टाकून आत आले. उठवायला गेले तर तो कळवळला. खुब्याचं हाड मोडलं होतं. आता स्ट्रेचर कुठून आणायचं? कुणीतरी पलंगावरची कौदी ओढली, तिच्यावर त्याला हळूच सरकवलं आणि चौघांनी चार कोपरे धरून त्याला गाडीत नेऊन ठेवलं. मैसूरला हॉस्पिटलच्या दारात पुन्हा तसंच उचललं, स्ट्रेचरवर उतरवलं, आणि त्या क्षणी कौदी मधोमध टर्रकन फाटली.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी ही हकिगत त्यानं बहिणीला अगदी रंगवून सांगितली.

"अक्का, मला खाली ठेवलं आणि मग फाटली बघ. आधी नाही!"

तुंगाला हसू आलं नाही. "आईची कौदी ती, व्यासू. तिच्यात घालून तुला पोत्यासारखं आणलं त्यांनी?"

"मग? हवेत तरंगत आणायचं होतं होय?"

कौदी म्हणजे गोधडी. मैसूरच्या जुन्या मराठी घरांत निम्मे शब्द कन्नडच. गोधडीला तिथे कौदीच म्हणायचं. या दोघांच्या आईनं, गिरिजाबाईंनी, जन्मभरात अशा वीसेक कौद्या शिवल्या असतील. जुनी लुगडी, धोतरं, मुलांचे विटलेले सदरे, जे हाताला लागेल ते थरावर थर घालून, कडेपासून आत आत टाके घालत जायचं. त्यांतल्या दोनच आता उरल्या होत्या. एक व्यासराजची, तीस वर्षं रोज वापरलेली, त्याच्या बायकोनं ठिगळांवर ठिगळं लावलेली. ती आता फाटून वर्षिणीच्या गाडीच्या डिकीत पडली होती. दुसरी तुंगाची. ती मैसूरमधल्या नजरबादच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत, पांढऱ्या धोतरात गुंडाळून ठेवलेली होती. तीस वर्षांत तिच्यावर कुणी झोपलं नव्हतं. तुंगा दरवर्षी दसरा झाला की तिला बाहेर काढायची, गच्चीवर दोन तास ऊन दाखवायची, नव्या डांबरगोळ्या टाकून पुन्हा आत ठेवायची. मुलगा शशांक लहान असताना एकदा त्या कौदीवर कॅरम घेऊन बसला, तर त्याला पाठीत धपाटा मिळाला होता. उभ्या आयुष्यात तुंगानं त्याला मारलेले धपाटे दोन की तीन, त्यांतला तो एक.

डॉक्टरांनी सहा आठवडे जिने चढायचे नाहीत, एकट्यानं राहायचं नाही म्हणून सांगितलं. तुंगाचं घर तळमजल्यावरचं. नवरा गेल्यापासून आणि शशांक पुण्याला स्थायिक झाल्यापासून दोन खोल्या रिकाम्याच होत्या. तेव्हा व्यासराज अक्काकडे आला. वर्षिणी शनिवारी येऊन रविवारी जायची.

जानेवारीतलं मैसूर. दुपारीसुद्धा सावलीत बसलं की पाय गार पडत. तुंगानं भावाला दोन ब्लँकेटं दिली, एक शशांकनं पाठवलेलं, एक नवीन. तो ती अंगावर घ्यायचा आणि थोड्या वेळानं पायांनी खाली ढकलायचा.

"अंगावर राहतच नाही गं. वजनच नाही याला. मांजर बसलंय की काय असं वाटतं."

"गरम आहे ना पण?"

"गरम आहे. पण..." त्यानं पाय आखडून घेतले. "अक्का, तुझी ती कौदी आहे ना?"

तुंगा भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"ती वापरायची नाही, व्यासू."

"बरं," तो म्हणाला. पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही.

त्यानं हट्ट धरला असता तर तिला बरं वाटलं असतं. चार शब्द ऐकवता आले असते. पण तो गप्प राहिला आणि ते तिला लागलं. दोन दिवस तिचं कशात लक्ष लागेना. इडलीच्या पिठात मीठ दोनदा पडलं. तिसऱ्या दिवशी दुपारी तो खुर्चीत डुलक्या घेत असताना तिनं ट्रंक उघडली, कौदी काढली आणि त्याच्या गुडघ्यांवर आणून टाकली.

व्यासराज जागा झाला. त्यानं दोन्ही हातांनी कौदी चाचपली, नाकाशी नेली आणि चेहरा वाकडा केला.

"अय्यो! ही कौदी की पुठ्ठा?"

"काय?"

"हात लाव की. कडक झालीय. आणि वास बघ, कापड दुकानाच्या गोडाऊनचा. आईची कौदी अशी असते?"

तुंगाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते लपवायचा प्रयत्न केला, पण व्यासराज तिला साठ वर्षं ओळखत होता.

"अक्का, थट्टा केली गं. एवढं काय?"

"आहे तेवढं," ती म्हणाली, आणि बोलायला लागली. तीस वर्षांत हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

लग्नात आईनं तिला एक कौदी दिली होती. निळ्या काठाची, मधे आईच्या शालूचा जांभळा चौकोन असलेली. ती घरात वापरली गेली. शशांक तिच्यावर रांगला, तिच्यावर आजारी पडला, तिच्यावर त्यानं शाई सांडली. तेव्हा तुंगा सकाळची शाळा, दुपारची शिकवणी, सासूबाईंचं आजारपण अशा धावपळीत होती. कौदी कधी विरली, कधी तिचे दोन तुकडे झाले, कळलंच नाही. एकदा आई अचानक नरसीपूरहून आली. हातपाय धुवायला मागे गेली आणि न्हाणीघराच्या दारातच थांबली. दाराशी पायपुसणं होतं. निळ्या काठाचं.

"आई काही बोलली नाही," तुंगा म्हणाली. "एक शब्द नाही, व्यासू. वाकली, ते पायपुसणं उचललं, साबण लावून धुतलं, दोरीवर वाळत घातलं. दुसऱ्या दिवशी निघताना घडी घालून पिशवीत टाकलं आणि घेऊन गेली. मी दारात उभी. मला वाटलं, माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. मग वर्षभरानं तिनं ही दुसरी पाठवून दिली. मी तेव्हाच ठरवलं, हिला पाय लागू द्यायचा नाही. कुणाचाच. पुढे दोन वर्षांत आई गेली. तिची क्षमा मागायची राहूनच गेली."

व्यासराज ऐकत होता. मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी विचित्र हललं. तुंगाला वाटलं, रडतोय. पण तो हसत होता.

"तुला हसू येतंय?"

"अगं, तुला ठाऊकच नाही होय? आई त्या दिवशी घरी आली ना, मी शाळेत शिकवून आलो तर ती ओट्यावर बसून ते पायपुसणं गल्लीतल्या सगळ्या बायकांना दाखवत होती! ‘बघा, माझ्या तुंगीनं कौदी कशी वापरलीय. लग्नातली. शेवटच्या धाग्यापर्यंत!’ माझ्या बायकोला तर टोमणेच खावे लागले. तिला म्हणाली, ‘तू बघ, जपून जपून ठेवतेस, आणि मग झुरळं खातात.’ त्यानंतरच आमची ती रोजच्या वापराला निघाली."

तुंगा त्याच्याकडे बघतच राहिली. "खोटं."

"आईची शपथ. आणि ते पायपुसणं कुठे गेलं असं तुला वाटतं? टाकलं तिनं?" त्यानं मांडीवरच्या कौदीवर थाप मारली. "हिच्या पोटात आहे. नवी कौदी करताना जुनी आत घालायची, तशी घातली. मी स्वतः चारी बाजूंनी ओढून धरली होती, आईला दिसत नव्हतं तेव्हा नीट."

तुंगा खाली बसली. कौदी ओढून घेतली आणि मधला भाग दोन बोटांत धरून चाचपू लागली. एका ठिकाणी जाड लागत होतं, हातभर लांब, हातभर रुंद. तिनं उजेडात धरून बघायचा प्रयत्न केला, पण आतलं काही दिसलं नाही. दिसायची गरजही नव्हती. दर दसऱ्याला ती जे उन्हात ठेवत होती, त्यात तिची ती पहिली कौदी होती आणि तिला पत्ताच नव्हता.

"मला का नाही सांगितलं तिनं?"

"तिला काय माहीत तुला वाईट वाटलंय? तू सांगितलंस?"

तुंगा त्या जाड भागावरून हात फिरवत राहिली. ती म्हणाली, "तीस वर्षं रे."

"हं," व्यासराज म्हणाला. "आता असं कर. माझ्या अंगावर इतक्यात घालू नकोस. टोचते. आधी तू चार दिवस झोप हिच्यावर. मऊ कर. मग मला दे."

तुंगानं कौदी धुतली. बादलीत भिजवल्यावर ती इतकी जड झाली की एकटीला उचलवेना. शेजारच्या चैत्राला हाक मारावी लागली. पाणी दोनदा पिवळं निघालं. वाळल्यावर दिसलं, घडी जिथे तीस वर्षं एकाच जागी पडत होती तिथे कापड सरळ रेघेत चिरलं होतं. कुणी न वापरता फाटलेली कौदी. तुंगानं ती रेघ बोटानं दाबली आणि दुपारी जेवण झाल्यावर कौदी जमिनीवर पसरून तिच्यावर आडवी झाली. पाठीखाली मधला जाड भाग यायला लागला तशी ती दोन बोटं सरकली, पुन्हा मागे आली. किती वेळ झोपली कोण जाणे. व्यासराजनं चहासाठी दोनदा हाक मारली तेव्हा जागी झाली. गालावर टाक्यांची नक्षी उमटली होती. तो हसला तेव्हा तिनं आरशात बघितलं, आणि तीही हसली.

पुढच्या शनिवारी तिनं वर्षिणीला डिकीतली फाटकी कौदी आत आणायला लावली.

"आत्ते, ती वेस्ट झाली," वर्षिणी म्हणाली. तिचं मराठी मोजकंच. "टाकायची होती मी. अप्पांना बॅड वाटेल म्हणून ठेवली."

"टाकायची नाही. पोटात घालायची."

"पोटात?"

व्यासराज आणि तुंगा दोघंही हसायला लागले आणि त्या पोरीला समजावून सांगता सांगता दोघांची पुरेवाट झाली. रविवारी तिघांनी जुने कपडे बाहेर काढले; वर्षिणी सकाळीच नरसीपूरला जाऊन तिथलेही घेऊन आली होती. तुंगाच्या नवऱ्याची दोन धोतरं, तिच्या शाळेतल्या सुती साड्या, व्यासराजच्या बायकोचं एक हिरवं लुगडं, वर्षिणीचे कॉलेजातले कुडते. लुगड्याला कात्री लावताना व्यासराजचा हात थांबला. तो म्हणाला, "हिनं हे दोनदाच नेसलं. जपून ठेवलं." मग त्यानं कात्री तुंगाकडे दिली आणि म्हणाला, "तू काप." तिनं कापलं.

दोरा आणि जाड सुया आणायला तुंगा स्वतः मंडी मोहल्ल्यात गेली. तिला कौदी शिवता येत नव्हती. आईकडून शिकायची राहिली होती, आधी अभ्यासापायी, मग नोकरीपायी. व्यासराजला मात्र येत होती. बायकोच्या शेवटच्या वर्षांत सुईत दोरा तोच ओवायचा आणि मग हळूहळू टाकेही घालायला लागला होता. खुर्चीत बसल्या बसल्या तो सांगायचा, ती जमिनीवर बसून शिवायची. दोघांची भांडणंही व्हायची.

"केवढा टाका हा! त्यातून बैलगाडी जाईल."

"गणिताचा मास्तर तू शाळेत. इथे नाही."

पहिले दोन आठवडे तिची बोटं सोलवटली. पण सकाळी अंगणात ऊन आलं की तिला वेळ काढून बसावंसं वाटायचं. शिवता शिवता लहानपणच्या गोष्टी निघायच्या. चुलत भावंडं धरून एका कौदीत चौघं झोपायचे तेव्हा मधली जागा कोणाची, बाबा उठवायला यायचे तेव्हा कोण झोपेचं सोंग घ्यायचं, नदीच्या संगमावर कौद्या धुवायला जायचे तेव्हा वाळूवर वाळत घातलेल्या रंगांतून पळालं की आई का ओरडायची. तुंगाला आठवायचं ते व्यासराजला आठवत नसे आणि त्याला आठवायचं ते तिला. दोघांचं मिळून आईचं घर उभं राहायचं.

सहा आठवडे झाले. तो काठी घेऊन चालायला लागला. नरसीपूरला जायचा दिवस ठरला तेव्हा नवी कौदी अर्धीही झाली नव्हती. तुंगाची ट्रंकेतली कौदी आता चांगली मऊ झाली होती आणि चिरलेल्या रेघेवर तिनं स्वतःच्या साडीची पट्टी शिवली होती. ती तिनं भावापुढे ठेवली.

"घेऊन जा. थंडी आहे अजून."

"बेडा, अक्का, नको. ती तुझी. मी ही नवी घेईन."

"ती झालीय कुठे?"

"मग तू चल ना. पूर्ण करून ये."

ती गेली. ट्रंक कपाटावर रिकामी ठेवून, घराची किल्ली चैत्राकडे देऊन ती महिनाभरासाठी नरसीपूरला गेली, जिथे गेली कित्येक वर्षं ती फक्त श्राद्धाला आणि लग्नकार्याला सकाळी जाऊन संध्याकाळी परतत होती.

दुसऱ्या शनिवारी वर्षिणी आली. उन्हातून गाडी चालवून दमली होती. ओट्यावर अर्धी शिवलेली कौदी पसरली होती, एका कडेला तुंगा आणि दुसऱ्या कडेला खुर्चीत व्यासराज. पोरीनं चपला काढल्या आणि कुणी काही म्हणायच्या आत त्या कौदीवरच अंग टाकलं. कुशीवर वळली, हात उशाशी घेतला आणि बघता बघता तिचा श्वास संथ झाला.

"अगं, सुई आहे तिथे!" व्यासराज दबक्या आवाजात म्हणाला.

तुंगानं वाकून भाचीच्या कोपराजवळची सुई अलगद काढून घेतली. मग कडेचा मोकळा भाग आपल्या मांडीवर ओढला आणि तिला धक्का लागणार नाही अशा बेतानं पुढचा टाका घातला.