नमुन्यात नसलेली खोली

"पाणी कमी प्यायची सवय होती का तुम्हाला?" डॉक्टरांनी रिपोर्टवरची नजर न काढताच विचारलं.

"बालवाडीत असताना नाही प्यायचे," बाई म्हणाल्या. "सकाळी निघताना कपभर चहा. मग दोनला घरी आल्यावर पाणी."

"मधे काहीच नाही? किती वर्षं?"

"बावीस."

"का पण?"

"जायची सोय नव्हती तिथं."

डॉक्टरांनी रिपोर्ट खाली ठेवला. मूत्रपिंडं काही एकाच कारणानं जात नाहीत, तुम्हाला रक्तदाबही आहे, असं काहीसं ते बोलले आणि "पण तरी..." म्हणून त्यांनी वाक्य तिथंच सोडलं. आठवड्यातून दोनदा डायलिसिस करावं लागेल, हे मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं.

शेजारच्या खुर्चीत मांडीवर पिशवी घेऊन बसलेल्या पट्टीकाकांना पुढचं नीट ऐकूच आलं नाही. बाईंच्या त्या बालवाडीचा नकाशा त्यांनीच तर काढला होता.

पट्टीकाका म्हणजे बाईंचे यजमान. बांधकाम खात्यात नकाशे काढायचं काम. रेघ मारण्यात हातखंडा, म्हणून ऑफिसात त्यांना हे नाव पडलं होतं. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी साहेबांनी त्यांना बालवाडीचा नमुना आराखडा काढायला सांगितला. एक खोली, वर पत्रा. मुलं चढू नयेत म्हणून खिडक्या मोठ्या माणसाच्या छातीइतक्या उंच. बाहेर मुलांचा छोटा संडास, त्याला कमरेएवढं दार, म्हणजे आत कोण आहे ते बाहेरून दिसावं. साहेबांनी पाठ थोपटली. पुढची तीस वर्षं त्याच कागदाच्या प्रती निघत राहिल्या आणि गावोगाव तीच खोली उभी राहत गेली. बदलायचं ते फक्त गावाचं नाव.

त्यातल्याच एका खोलीत लग्नानंतर बाईंना नोकरी लागली. उन्हाळ्यात पत्रा तापला की मुलं भाजीसारखी मलूल व्हायची. बाई घरी येऊन म्हणायच्या, "आज तुमच्या खोलीनं चौघांना झोपवलं, मला काही करावंच लागलं नाही." पट्टीकाकाही हसायचे. थट्टेत त्यांनीही तिला बाई म्हणायला सुरुवात केली होती, ती कायमची.

दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनी चपलाही काढल्या नाहीत.

"मला कधी बोलली नाहीस."

"बोलले होते की. दोनदा."

"मग मी काय म्हणालो?"

बाई पदरानं मान पुसत होत्या. "नमुन्यात नाही, म्हणालात."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं, असं पट्टीकाकांना वाटलं.

दोन महिन्यांनी खात्याकडे एक पत्र आलं. निसर्गाला धरून, कमी विजेवर चालेल अशी एक बालवाडी प्रयोग म्हणून बांधायची होती. तरुण मंडळी त्या कामाला हात लावेनात. साहेबांची मर्जी सांभाळून नवीन काही करायचं म्हणजे डोक्याला ताप. पट्टीकाका उठले आणि म्हणाले, "मी करतो." निवृत्तीला दीड वर्ष राहिलेला माणूस असं का म्हणतोय, ते कोणाला कळलं नाही.

डायलिसिसचे चार तास बाई खाटेवर पडून असत. हाताला नळ्या, शेजारी घरघरणारं यंत्र. पट्टीकाका स्टुलावर बसून मांडीवर फळी घेत आणि फळीवर कागद पसरत.

"आधी खोली काढूच नका," बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "जागेवर जा. झाडं कुठं आहेत, सावली कुठं फिरते ते बघा. खोली मग तिच्या मागनं जाईल."

पट्टीकाका जन्मात कधी जागेवर गेले नव्हते. ते तीन दिवस गेले. तासातासाला सावलीच्या कडेनं चुन्याची रेघ मारत बसले. चौथ्या दिवशी बाईंनी विचारलं, "गुडघ्यांवर चालून बघितलंत?"

"कशाला?"

"मूल तेवढंच असतं."

मग तेही झालं. रस्त्यावरच्या एका बाईनं "आजोबा, काही हरवलं का?" असं विचारलं, हे त्यांनी परत येऊन सांगितलं तेव्हा बाई इतक्या हसल्या की सिस्टर धावत आली आणि यंत्राकडे बघून दटावून गेली.

हळूहळू कागदावर खोली आली. मातीच्या विटांच्या जाड भिंती. छताखाली गरम हवा निघून जायला हातभर मोकळी फट. खिडक्या इतक्या खाली की तीन वर्षांच्या मुलानं कठड्यावर हनुवटी टेकवावी. अंगणातलं जुनं झाड तोडायचं नाही. ओटा त्याच्या बुंध्याला वळसा घालून गेला. छपराचं पावसाचं पाणी टाकीत, आणि टाकीतून अंगणभर फिरणारा वीतभर रुंदीचा पाट, शेवटी भाजीच्या वाफ्यात. हा पाट बाईंचा. "मुलांना पाणी सांडायला लागतं हो. बावीस वर्षं मी 'सांडू नको' एवढंच शिकवलं."

मागच्या बाजूला पट्टीकाकांनी एक छोटी खोली काढली. पूर्ण उंचीचं दार, आतून कडी, वर झरोका. तिच्याबद्दल ते बोलले नाहीत. बाईंनीही विचारलं नाही. फक्त त्या जागेवर त्यांचं बोट जरा थांबलं.

आताच्या साहेबांनी आराखडा पाहिला. वयानं ते पट्टीकाकांच्या निम्मे होते, माणूस वाईट नव्हता. "काका, छान केलंय. पण मंजुरीत सगळं बसत नाही. हा पाट काढा, नाहीतर ही मागची खोली. एका बाईसाठी वेगळा संडास कशाला? सहा तासांचा तर प्रश्न."

तीस वर्षांत पट्टीकाकांनी साहेबासमोर आवाज चढवला नव्हता. आताही चढवला नाही. आराखड्यातल्या मागच्या खोलीवर त्यांनी बोट ठेवलं.

"ती खोली राहील, साहेब."

"मग पाट जाईल."

"जाऊ द्या."

संध्याकाळी दवाखान्यात त्यांनी सांगितलं.

"मुलांचं पाणी कापलंत?"

"दोन्ही बसत नव्हतं."

"आणि माझं ठेवलंत. आता! मी तिथं जाणार आहे का?"

"तुझ्यासाठी नाही. पुढच्या बाईसाठी."

"खोटं बोलू नका," बाई म्हणाल्या. "स्वतःसाठी ठेवलंत तुम्ही."

पट्टीकाकांनी फळीवरचा कागद गुंडाळून ठेवला. उरलेले तीन तास यंत्र तेवढं घरघरत राहिलं. घरी जाताना रिक्षात बाईंनी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं, पण ते थकव्यानं की समजुतीनं, हे त्यांना कळलं नाही, आणि विचारायचा धीरही झाला नाही.

भिंती खिडक्यांपर्यंत आल्या तेव्हा त्यांनी बाईंना जागेवर न्यायचं ठरवलं होतं. त्या सोमवारी बाईंना ताप आला. बुधवारी दवाखान्यात ठेवलं. शुक्रवारी दुपारी पट्टीकाका खाली औषध आणायला गेले आणि वर आले तर सिस्टर दाराशीच उभी होती. तिनं त्यांच्या हातातली औषधाची पिशवी हळूच काढून घेतली.

बालवाडी सुरू झाली तेव्हा समारंभाला ते गेले नाहीत. गेले ते महिन्याभरानं, एका साध्या दिवशी, सुटायच्या वेळेला. नवीन बाई पंचविशीची असेल. नकाशा यांनी काढला म्हटल्यावर तिनं कौतुकानं सगळं फिरवून दाखवलं.

"तुम्हीच काढलंत सगळं?"

"रेघा माझ्या. सांगितलं दुसऱ्या कोणी."

"एक तक्रार आहे हं, काका. तुमच्या या मातीच्या भिंती! पावसाचा शिंतोडा पडला की काय सुगंध सुटतो, आणि आमचं एक पात्र आहे, ते रोज येऊन भिंत चाटतं. आईनं रागवून झालं, मी रागवून झालं. काल त्याला विचारलं, कशी लागते रे? तर म्हणे, आज मीठ कमी आहे."

पट्टीकाका मोठ्यानं हसले. कितीतरी महिन्यांनी. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, आणि हे घरी जाऊन आधी सांगायला हवं, असं त्यांच्या मनात आलं. रिकामं घर डोळ्यांसमोर येईस्तोवर हसू तसंच राहिलं होतं चेहऱ्यावर.

बाहेर फाटकाशी आया, आजोबा जमले होते. मुलं नावं पुकारली की एकेक करून धावत होती. पट्टीकाका ओट्यावर बसून राहिले. एक मुलगी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. सँडलचे पट्टे सुटलेले, डावी उजव्या पायात, उजवी डाव्या.

"तुम्ही कोणाला न्यायला आलात?" तिनं विचारलं.

पट्टीकाकांनी फाटकाकडे बघितलं, मग तिच्या सँडलकडे. ते ओट्यावरून खाली उतरले, तिच्यासमोर बसले आणि तिचा पाय हातात घेऊन सँडल काढू लागले.

"थांब," ते म्हणाले. "आधी ही बदलू."

मुलीनं तोल जाऊ नये म्हणून त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि फाटकाकडे बघत उभी राहिली.