चिमटीतली तार

दहाव्याच्या पिंडाला कावळा शिवत नव्हता. कोळवणच्या नदीकाठी सगळी भावकी जमलेली. ऊन डोक्यावर आलं, तरी कावळे समोरच्या उंबरावर बसून नुसते बघत होते.

"गोजराचा जीव कशात तरी गुतलाय," गेणबाचा चुलतभाऊ कुशाबा म्हणाला. "गेणबा, तुजी बायकू हुती. सांग की काय ऱ्हायलं तिचं. लाडू ठिवला, चा ठिवला."

"तिची मिसरीची डबी ठिवा," मागनं कुणीतरी म्हणालं. तीही ठेवून झाली.

गेणबा मान खाली घालून उभा होता. काय राहिलं ते त्याला एकट्याला ठाऊक होतं.

रेडिओचा त्याला भारी नाद. छपरापासून जांभळीपर्यंत तांब्याची तार ताणलेली. दिवस मावळताना तो शॉर्टवेव्हचा काटा केसाएवढा सरकवत बसायचा, मग समुद्रापलीकडचं कुणीतरी बोलू लागायचं. भाषा कळायची नाही. गोजरा चुलीपुढनं विचारायची, "ती बाई जेवाय बोलवतीया व्हय तुमाला? जावा मग, माजी भाकर वाचंल."

अलीकडं शेजारच्या फार्महाऊसचे दिवे लागले की रेडिओत नुसती खरखर. गोजरा गेली त्या दिवशी तिकडं कुणी नव्हतं. एक नवंच स्टेशन लागलं, पण तारेचं टोक चिमटीत धरलं तरच बोलायचं. सोडलं की गडप. तेवढ्यात परड्यातनं हाक आली, "अवं, जरा या की."

"आलो," तो म्हणाला, अन् तार सोडली नाही.

तिनं पुन्हा हाक मारली. तो पुन्हा "आलो" म्हणाला. तिसरी हाक आली नाही. स्टेशन आपोआप विरलं तेव्हा तो उठला. गोजरा सरपणापाशी पडली होती. अंग अजून ऊन होतं.

लोकांना त्यानं सांगितलं, मी भाताच्या खाचरात होतो.

हे कबूल केल्याबिगर कावळा शिवायचा नाही, अशी त्याची खात्री झाली होती. त्यानं हात जोडले, घसा खाकरला. पण त्याच्या आधी लेक पुढं झाली.

"आई," हेमलता म्हणाली, "आबांची काळजी करू नगं. मी न्हेते त्यास्नी माज्याकडं, रेडिओसकट. ऐकत बसू देत. कोन बी हटकणार न्हाई."

उंबरावरचा कावळा उतरला तो थेट पिंडावर.

"बगा, नवऱ्यातच जीव हुता तिचा," कुशाबानं डोळे पुसले. माणसं मोकळी होऊन उठली. गेणबालाही सुटल्यासारखं वाटलं, अन् तसं वाटल्याचीच त्याला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली.

"हेमे," तो म्हणाला, "मी खाचरात न्हवतो. घरात हुतो. तिनं दोनदा हाक मारली. मी रेडिओ ऐकत बसलो."

कुशाबाचा हात डोळ्यांवर तसाच थांबला. हेमलता वाकली, बाजूला पडलेल्या त्याच्या चपला उचलल्या अन् पायांपाशी नीट ठेवल्या.

"घाला, आबा. खडं टोचत्याल."

तिनं त्या तोंडावर मारल्या असत्या तर गेणबाला बरं वाटलं असतं. त्यानं त्या घातल्या नाहीत. काखेत मारून तो खड्यांवरनं घराकडं चालू लागला.