आधी आईनं खायचं

माझा नवरा प्रयोगशाळेत अन्नाचे नमुने तपासतो. अठरा वर्षं लोकांच्या दुधात, पिठात, तेलात काय काय सापडतं ते बघून त्याचा घासावरचा विश्वासच उडाला. आधी हॉटेल बंद झालं, मग शेजारणीकडचं, मग माझ्या आईच्या हातचं. शेवटी माझाही नंबर लागला. माणूस नुसता हाडांचा सापळा झाला.

डॉक्टर म्हणाले, "दुखणं पोटाचं नाही, मनातल्या भीतीचं आहे. हळूहळू जाईल." हळूहळू म्हणजे काय? एके दिवशी मी वैतागून म्हटलं, "एवढा संशय आहे तर माझा भातही ने तपासायला!"

त्यानं खरंच नेला. चार दिवसांनी अहवाल आला: खाण्यास योग्य. मी लगेच ताट वाढलं.

"अगं, तपासलेला भात चाचणीतच संपला," तो म्हणाला. "हा कुठं तपासलाय?"

मी कपाळावर हात मारला.

मग त्यानंच तोडगा काढला. त्याच्या ताटातलं आधी मी खायचं, अर्धा तास थांबायचं, मला काही झालं नाही तर त्यानं जेवायचं. बायकोवर केवढा हा विश्वास! पण चार घास त्याच्या पोटात जात होते, म्हणून मी रोज त्याच्या ताटातलं आधी खात गेले. हसायची सोय नव्हती आणि रडायचीही.

या सगळ्यात समोर बसलेल्या चार वर्षांच्या लेकीकडे आमचं लक्षच नव्हतं.

ती शाळेत जायला लागली आणि पहिल्याच आठवड्यात रोज डबा जसाच्या तसा परत यायला लागला. शुक्रवारी मी विचारलं, "का गं खात नाहीस?"

"तिथं आधी खायला तू नसतेस ना."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो लवकर घरी आला होता, तिथंच उभा होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

त्यानं डबा उघडला. सकाळचं उकडलेलं अंडं, बंद डब्यात घाम सुटलेलं. अशा अंड्यात सात तासांत काय काय वाढतं ते त्याला नावानिशी पाठ होतं. त्यानं ते उचललं. अर्धं अंडं त्यानं तोंडात टाकलं आणि लेकीशेजारी बसला. मी धावत जाऊन तिच्यासाठी ताजा भात वाढून आणला.

तिनं घड्याळाकडे बघितलं. "बाबा, आता थांबायचं?"

"नाही," तो म्हणाला, आणि इतका वेळ तोंडात धरून ठेवलेला घास त्यानं गिळला.